उसना ळ

आमच्या गावाच्या नावात एक ळ आहे. ज्यांच्या गावाच्या नावात ळ नाही त्यांना वाटेल, यात सांगण्यासारखे ते काय? पण खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात ज्याचे बालपण गेले, त्याला या एका अक्षराने किती छळले असेल याची कल्पना पुण्यामुंबईच्या वाचकांना यायची नाही. पाहा, 'छळले' म्हणतानाही तो आलाच!

गाव कळंब. मांजरा नदीच्या काठचे तालुक्याचे ठिकाण. नदी ओलांडली की बीड जिल्हा. आमच्या जिल्ह्याला पूर्वी उस्मानाबाद म्हणत, २०२३ पासून धाराशिव म्हणतात. जिल्ह्याचे नाव बदलले, गावाचे तेवढे तेच राहिले, आणि त्यातला ळही जागच्या जागी राहिला.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९५३ साली येथे छापखाना घातला. पायाने चालवायचे एक ट्रेडल मशीन, चार केसी खिळे आणि स्वतःचे दोन हात एवढेच भांडवल. खिळे पुण्याहून आले. कुर्डुवाडीपर्यंत मोठ्या गाडीने, तेथून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने ढोकीपर्यंत, आणि पुढे बैलगाडीने. खिळे ओतणाऱ्यांचा एक हिशेब असे. मराठीत काना किती लागतो, र किती, त किती, त्या प्रमाणात ते खिळे देत. ळ त्या मानाने कमी लागतो, म्हणून ळ थोडे. हिशेब चोख होता, पण तो कळंबसाठी केलेला नव्हता. लग्नसराईत प्रत्येक पत्रिकेत 'ता. कळंब' असायचेच. शिवाय 'विवाहस्थळ', 'सकाळी', 'मंगळवार', 'मंडळी', 'बाळगोपाळ'! वैशाखात तीन पत्रिका एकदम जुळवायला घेतल्या की ळ चे घर रिकामे पडे, आणि अण्णा मला हाक मारीत, "जा रे, खालच्या आळीतून पंधरा ळ घेऊन ये."

खालच्या आळीत गावातला दुसरा छापखाना होता. त्याच्या मालकांना आम्ही मुले काका म्हणत असू. धंद्यात ते अण्णांचे प्रतिस्पर्धी. निवडणूक आली की पत्रकांचे दर पाडण्यात दोघांची अशी चढाओढ लागे, की शेवटी दोघांचाही शाईचा खर्च सुटत नसे. पण मी रिकामी काड्यापेटी घेऊन दारात उभा राहिलो की काका एक शब्द न बोलता ळ च्या घरात चिमटा घालीत आणि मोजून पंधरा खिळे काड्यापेटीत टाकीत. छपाई झाली की ते धुऊनपुसून परत जात. त्यांना 'श्री' कमी पडला की त्यांचा मुलगा आमच्याकडे येई. त्यांचा ळ आमच्यापेक्षा जास्त झिजलेला होता, त्यामुळे कागदावर तो किंचित जाड उमटे. त्या काळातली एखादी पत्रिका कुणाच्या ट्रंकेत अजून असेल, तर पाहावी. कळंब या शब्दातले मधले अक्षर शेजाऱ्याचे आहे!

धंद्यात चढाओढ आणि अक्षरात उसनवारी, ही दोन्ही एकाच वेळी सुखाने चालत. त्यात काही विसंगती आहे असे कुणालाच वाटत नसे. मलाही ते कधी विशेष वाटले नव्हते. वाटायला लागले ते संगणक आल्यावर.

१९९६ साली मी दुकानात संगणक घेतला. त्यावर मराठी उमटवायचे तर अक्षरांचा प्रोग्रॅम निराळा विकत घ्यावा लागे, आणि त्याबरोबर अंगठ्याएवढे एक कुलूप मिळे. ते संगणकाच्या पाठीत खोचले तर मराठी दिसायचे, काढले तर संगणक मुका. अण्णांनी ते कुलूप तळहातावर घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ न्याहाळले.

"अक्षराला कुलूप?" ते म्हणाले. "मग खालच्या आळीला ळ द्यायचा झाला तर?"

मी हसलो. म्हटले, "अण्णा, आता ळ संपतच नाही. हवे तितके ळ."

"ते कळलं रे. पण द्यायचा झाला तर?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. पुढची पंचवीस वर्षे ते शोधण्याची गरजही पडली नाही.

येथे एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचे सांगायला मी मोकळा होईन. कुलूप लावणाऱ्यांचे काही चुकत होते असे नाही. देवनागरीचा एक देखणा संच काढायला माणसांची वर्षे जातात. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेलांट्या, रफार, सारे एकमेकांशी जमावे लागते. आणि आम्ही काय करीत होतो? माझ्याकडे कुलूप एक आणि संगणक दोन. दुसऱ्यासाठी कुणीतरी 'तोडलेली' प्रत आणून दिली. मी ती बिनदिक्कत वापरली. साऱ्या बाजारपेठेत हेच चालले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या चोरट्या प्रतीसाठी पुढे खास कलम घालण्यात आले आहे. जाणूनबुजून ती वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही. कायदे छापून विकणारा माणूस मी! कुलूप त्यांनी लावले हे खरे, पण चोरही आम्हीच होतो.

आता अण्णांच्या पुस्तकाकडे येतो. अण्णा तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. मोठे पुढारी वगैरे नव्हेत. सरहद्दीपलीकडून, बार्शीकडून येणारी पत्रके रात्री गावोगाव पोचवायची, एवढे त्यांचे काम. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, आणि पत्रके वाटणाऱ्या या माणसाला पत्रके छापण्याचे वेड लागले. त्या आठवणी त्यांनी प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवल्या होत्या. १९९८ साली, मुक्तीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, मी त्या संगणकावर जुळवायला घेतल्या. साठ पानांचे प्रूफ काढले. अण्णा ते तपासत बसले आणि तपासतच राहिले. "अजून एकदा वाचू दे" म्हणता म्हणता पुढची चाळीस पाने मी जुळवली. त्यांचे प्रूफ निघालेच नाही. हस्तलिखिताला वाळवी लागली तेव्हा मी म्हणालो, जाऊ द्या, सगळे संगणकात आहे. २००९ साली अण्णा गेले.

पुढे विजेच्या एका झटक्यात तो संगणक जळाला आणि कुलूपही गेले. विकणाऱ्याकडे चौकशी केली तर उत्तर मिळाले, ती आवृत्ती आता बंद झाली, नवी घ्या. पण जुने काम नव्यात उघडेलच असे नाही. मी विषय सोडून दिला. २०२३ साली मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव होऊन गेला तेव्हा धाकट्या भावाची मुलगी म्हणाली, "काका, आजोबांचं पुस्तक काढू या की." ती पुण्याला संगणकाचेच शिकते. मी कपाटातली सीडी काढून तिच्या हाती दिली. तिने ती उघडली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर मराठी नव्हतेच. इंग्रजी अक्षरे, त्यांच्या डोक्यावर टोप्या, पोटात टिंबे, मध्येच पौंडाची खूण. शंभर पाने असली भुतावळ! माझ्या वडिलांचे शब्द माझ्यासमोर होते आणि मला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. नव्वदीच्या उंबरठ्यावर असेपर्यंत ज्या माणसाने अनुस्वार हलू दिला नाही, त्याच्या मजकुराची ही दशा पाहून मला भडभडून आले.

पोरीने मला समजावले. त्या काळी प्रत्येक कंपनी आपल्या अक्षरांना वाटेल ती घरे देई. इंग्रजीच्या ए च्या घरात कुणी काना ठेवी, कुणी अर्धा श. कोणत्या घरात काय ठेवले हे ज्याचे त्यालाच ठाऊक. आता युनिकोड नावाची एकच सार्वजनिक केस साऱ्या जगाने मान्य केली आहे. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरीला तिच्यात स्वतःची घरे आहेत. ळ चे घर कुठल्याही संगणकात तेच, आणि त्याबद्दल कुणाला भाडे द्यावे लागत नाही.

"म्हणजे आपल्याला एका केसीतले खिळे दुसऱ्या केसीत सोडायचे आहेत," मी म्हणालो.

"अगदी तेच! फक्त पहिल्या केसीचा नकाशा हरवलाय."

नकाशा हरवला होता, पण अण्णांनी तपासलेले साठ पानांचे छापील प्रूफ माझ्याकडे होते. छापील पान आणि भुताचे पान शेजारी शेजारी ठेवून आम्ही बसलो. पहिल्याच पानावर तळाशी 'कळंब' होते. त्यातला ळ सर्वांत आधी सापडला. मग त्या ळ वरून 'वेळ', 'काळ', 'सकाळ'. पोरीला बाराखडी येत होती, पण केस ठाऊक नव्हती. माझी बोटे ती विसरली नव्हती. तिची यादी एका ठिकाणी अडली. 'किती' हा शब्द काही केल्या बरोबर येईना. मी म्हटले, "अगं, ऱ्हस्व वेलांटी आम्ही आधी लावतो आणि क मागून. कागदावर ती आधी दिसते ना!" युनिकोडमध्ये उलटे आहे. तेथे उच्चाराप्रमाणे क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचेही तसेच. 'सूर्य' मधला रफार आम्ही य च्या नंतर बसवायचो, उच्चारात तो य च्या आधी येतो. ती टाळी देत म्हणाली, "काका, हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं!" सत्तरी उलटलेल्या कंपोझिटरला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोण देणार?

मध्येच मला कायद्याची धास्ती वाटली. आधीच एकदा चोरी केलेला माणूस. कुलूप फोडल्याचा गुन्हा तर होत नाही ना? तिने सांगितले, आणि मी कायदा काढून वाचला, तो असा: मजकूर अण्णांचा, तेव्हा हक्क त्यांच्या वारसांचा. आपला एक स्वतंत्र प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती अन्यथा मिळत नसेल, तर ती शोधून काढायला आपल्या कॉपीराइट कायद्याने १९९९ च्या दुरुस्तीपासून मुभा दिली आहे. आपला ळ आपण त्यांच्या घरातून उचलत होतो, त्यांचे घर लुटत नव्हतो. कायद्यात एवढी खिडकी ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

ज्या साधनांनी ती काम करीत होती ती सारी मुक्त प्रणालीची होती. मी विचारले, "हे फुकट देणारे लोक खातात काय?" तिने एक गोष्ट सांगितली. गोष्ट छापण्याच्या यंत्राचीच असल्याने मी कान टवकारले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. तेथल्या नव्या छपाई यंत्रात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये त्याने स्वतः सुधारणा केली होती. नव्याचा मूळ मजकूर मागायला तो दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे गेला, तर तो म्हणाला, कुणाला न देण्याच्या करारावर मी सही केली आहे. स्टॉलमनच्या मनाला ते लागले. १९८३ साली त्याने एक अख्खी मुक्त प्रणाली लिहिण्याची घोषणा केली, आणि १९८९ साली एक परवाना तयार केला. त्याचे सार एवढेच, की घ्या, वापरा, सुधारा, विकासुद्धा. पण पुढच्याला देताना मूळ मजकूर आणि हाच हक्क त्यालाही द्या. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढल्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला. आज जगातल्या असंख्य मोठ्या संगणकांत तो बसलेला आहे.

"पण काका, गंमत पुढेच आहे," ती म्हणाली. "हा परवाना उभा आहे तो कॉपीराइटच्याच जोरावर. कायदा म्हणतो, कर्त्याच्या अटींवाचून प्रत काढता येणार नाही. स्टॉलमन म्हणतो, ठीक, माझी अट ही, की प्रत अडवायची नाही."

मी थक्क झालो. ज्या लोखंडाचे कुलूप, त्याच लोखंडाची किल्ली! कायदा मालकाचा कैवारी, असे मी धरून चाललो होतो. तो कर्त्याचा कैवारी आहे. कर्त्याने कुलूप घालावे की दार उघडे ठेवावे, हे त्याचे त्याने ठरवायचे. आपल्याकडचेच उदाहरण पाहा. आय. आय. टी. मुंबईत शिकवणारे प्रा. र. कृ. जोशी हे अक्षरांचे थोर कारागीर. ते २००८ साली निवर्तले. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा टंक त्यांनी घडवला, आणि त्यांच्याच हाताचा 'रघु' मुक्त परवान्याखाली लोकांना मिळाला. हात एकच. एक अक्षर कंपनीच्या घरचे, एक गावाचे. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्त' हा टंकही असाच कुणीही वापरावा असा आहे. अण्णांचे पुस्तक आम्ही त्यातच जुळवले.

हे सगळे ऐकायला धाकटा भाऊ दारात येऊन बसे. तो शेती करतो. त्याला संगणकाचे गम्य नाही, पण एक दिवस तो म्हणाला, "दादा, हे तर आमच्या सोयाबीनसारखं झालं." सोयाबीनचे बी घरचे ठेवले तरी पुढच्या साली तसेच उतरते, म्हणून आमच्याकडे बियांची देवघेव चालते. २००१ च्या कायद्याने वाण शोधणाऱ्याला हक्क दिला आणि त्याच कायद्याने शेतकऱ्यालाही दिला: संरक्षित वाणाचेही बी ठेवावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावे, फक्त ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून विकू नये. "आणि खव्याचं उलटं," तो म्हणाला. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे नाव राखून ठेवले आहे. दुसरीकडचा खवा कुंथलगिरीचा म्हणून खपवायचा नाही. पण दूध आटवायला कुणाला बंदी नाही, आणि त्या मुलखात त्या रीतीने खवा करणारा कुणीही ते नाव लावू शकतो.

मला वाटते, या अडाण्याने सगळा शहाणपणा दोन वाक्यांत सांगितला. नाव राखावे, म्हणजे गिऱ्हाईक फसत नाही. श्रमाचे मोल राखावे, म्हणजे कारागीर जगतो. पण बी, विरजण आणि अक्षर ही अडवली की बाजार खुला राहत नाही. मग तो एका दुकानाचा होतो. जावजी दादाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले आणि १८६९ साली त्यांनी मुंबईत आपला निर्णयसागर छापखाना काढला. शिकण्याची विद्याच कुणी कुलपात ठेवली असती तर त्यांचे सुबक खिळे महाराष्ट्राला दिसले नसते. २००४ च्या डिसेंबरात सरकारने वटहुकूम काढून उद्योगात वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमला पेटंट देण्याची वाट उघडली होती. २००५ साली संसदेने कायदा करताना ती वाट गाळली. कॉपीराइट लिहिलेल्या शब्दांना राखतो, पेटंट युक्तीलाच राखते. वेलांटी उचलून क च्या मागे ठेवण्याच्या युक्तीवर कुणाचे पेटंट असते, तर आमच्या पोरीला आधी वकील गाठावा लागला असता!

आणि मुदतीचे काय? आपल्याकडे कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ च्या पहिल्या दिवसापासून 'श्यामची आई' कुणीही छापावी अशी झाली. पुस्तकाला साठ वर्षे म्हणजे काही नव्हे. प्रोग्रॅमचे आयुष्य दहा वर्षांचे. माझ्या त्या प्रोग्रॅमच्या कर्त्याला देव शंभर वर्षे आयुष्य देवो. त्यानंतर आणखी साठ वर्षांनी तो मुक्त होईल. तोवर तो चालवू शकेल असा संगणक पुराणवस्तुसंग्रहालयातही मिळायचा नाही. कुलूप मालापेक्षा जास्त टिकते आहे, एवढेच माझे गाऱ्हाणे.

इतके सगळे तत्त्वज्ञान कळूनही माझ्यातला दुकानदार मेला नव्हता. आमचे यंत्र चालू झाल्याची बातमी फुटली, आणि शेजारच्या तालुक्यातला एक छापखानेवाला सीडींची चळत घेऊन आला. शाळांची वार्षिके, संस्थांचे अहवाल, एका कीर्तनकाराचे आयुष्यभराचे लेखन. सगळे त्याच कुलपात अडकलेले. हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी माझे पावतीपुस्तकांचे मोठे काम दर पाडून घेऊन गेला होता. मी मनात म्हटले, बरा सापडलास! मराठवाड्यात असे किती छापखाने असतील? प्रत्येकी हजार रुपये घेतले तरी म्हातारपण निभावेल.

पोरीला विचारले. ती म्हणाली, "विका की, काका. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. फक्त यात मी दुसऱ्यांचे मुक्त तुकडे वापरलेत. तुम्ही विकलं की मूळ मजकूरही द्यावा लागेल. मग त्याने तो पुढं दुसऱ्याला दिला तर अडवता येणार नाही."

"मग विकून उपयोग काय?"

"मजकूर नीट लावून द्यायचे पैसे घ्या. ते काम तुमच्याइतकं कुणाला येतंय?"

मी छापखानेवाल्याला सांगितले, "दिवाळीनंतर या. काय घ्यायचे ते ठरवतो." त्या रात्री उरलेली चाळीस पाने मराठीत आली. मी दिवा लावून वाचत बसलो. वीस-पंचवीस वर्षांत कुणी न वाचलेली पाने. छापखान्याचे प्रकरण शेवटी होते आणि त्याच्याही शेवटी हा परिच्छेद होता:

"१९८७ साली खालच्या आळीचा छापखाना बंद झाला. खिळे भंगारात गेले. त्या दिवशी त्यांचे नऊ ळ आमच्याकडे उसने होते. परत करायला गेलो तो घराला कुलूप. मंडळी मुंबईला मुलाकडे गेलेली. ते नऊ ळ माझ्या टेबलाच्या खणात काड्यापेटीत आहेत. हे देणे राहिले."

मी उठलो नाही. खण उघडून पाहायची गरज नव्हती. अण्णा गेल्यावर ते टेबल मीच आवरले होते. जुने चष्मे, सुकलेल्या शाईच्या बाटल्या, गंजलेले चिमटे आणि जड लागणारी एक काड्यापेटी. आत काय आहे ते न पाहता मी ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली होती.

सकाळी मी पोरीला म्हटले, तुझा तो परवाना लावून टाक, आणि ज्याला हवे त्याला उचलू दे. मग शेजारच्या तालुक्यात फोन केला. दिवाळीपर्यंत थांबायचे कारण नाही, येऊन घेऊन जा, म्हणून सांगितले. मजकूर लावून हवा असेल तर पानामागे माझी मजुरी पडेल. यंत्र मात्र तसेच न्या.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. दर पाडणाऱ्या माणसाला समोरचा दर सांगेना की संशय येतो.

"पण यंत्राचे किती द्यायचे?" त्याने विचारले.

"तुमच्याकडे कुणी मागायला आला तर त्याला द्या," मी म्हटले. "म्हणजे फिटले."